नऊ गुंठ्यांचा ठिपका

उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला माझा पहिला नकाशा जवळजवळ सगळा तांबडा आला. इंदापूर तालुक्यात पूर्वी माळ होता आणि आता राहिलेला नाही, अशी प्रत्येक जागा तांबड्या रंगात दाखवायची असं मी ठरवलं होतं. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला सगळा उंचवटा, कळस-कडबनवाडीच्या माळासकट, तांबडा झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला खरोखर रडू आलं. त्या माळाच्या कडेलाच माझं माहेर आहे. शाळेतून येताना मोज्यांत घुसलेली कुसळं काढत बसायचं, दिवस मावळताना माळटिटवी ओरडायला लागली की घराकडे वळायचं, ते सगळं त्या तांबड्याखाली गेलं होतं.

सकाळी उठल्या उठल्या माहेरी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "माळ कुठं जातोय? आत्ताच तात्याची मेंढरं वर गेली की."

मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा बदल कसा काढतात हे पुस्तकातून वर्षानुवर्षं शिकवत होते, स्वतः कधी केलं नव्हतं. करून बघायचं ठरवलं तेव्हा आपल्या गावचा माळच घ्यायचा हे उघड होतं. अण्णांच्या त्या एका वाक्यानंतर हे काम संपायला तीन वर्षं लागली.

चूक कुठे होती ते आठवडाभराने कळलं. मी दोन चित्रं घेतली होती. एक नोव्हेंबर १९९८ चं. पाऊस सरून महिना-दीड महिना झालेला, मुळाशी अजून ओल, माळावर वाळत चाललेलं पण दाट गवत. दुसरं फेब्रुवारी २०१९ चं. आदल्या वर्षीच्या पावसाने दगा दिलेला, ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीला सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलेला. त्या साली गवत धड उगवलंच नव्हतं. उगवलेलं असतं तरी फेब्रुवारीपर्यंत मेंढरांनी मुळापर्यंत खाल्लं असतं. वीस वर्षांतला बदल म्हणून मी जे काढलं, ती दोन वेगळ्या महिन्यांची आणि दोन वेगळ्या पावसाळ्यांची वजाबाकी होती. आपल्याकडच्या कोरडवाहू मुलखात हा फरक इतका मोठा असतो की त्याच्याखाली खरा बदल पार दडून जातो.

आधी चित्रांबद्दल थोडं सांगते. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ ला सुटला. म्हणजे आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला होता तेव्हा तो वरून फिरत होता. ज्याला कुणाला सगळ्यात जुन्या चित्रापासून सुरुवात करायचा मोह होईल त्याने हे लक्षात ठेवावं. त्या पहिल्या वर्षाला पाया धरला, तर शतकातल्या एका भीषण दुष्काळाशी आपण आजची तुलना करणार आणि पुढचं प्रत्येक वर्ष हिरवंगार दिसणार. १९८२ साली लँडसॅट-४ आणि १९८४ साली लँडसॅट-५ आला आणि तिथून चित्रं जास्त बारीक झाली. २००८ साली अमेरिकी सरकारने हा सगळा संग्रह फुकट खुला केला. त्याआधी एकेका चित्राला शेकडो डॉलर मोजावे लागायचे. माझ्यासारखी शिक्षिका घरी बसून हे करू शकते ते त्या एका निर्णयामुळे.

ठिपक्याचा आकार समजायला मला मीटरपेक्षा गुंठ्याचा उपयोग झाला. लँडसॅट-५ चा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. ९०० चौरस मीटर, म्हणजे नऊ गुंठ्यांना जरासाच कमी. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत तो साधारण ८० मीटरचा होता, म्हणजे दीड एकराचा. आणि २०१५ पासून जे युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह फिरताहेत, त्यांचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं पहिल्यांदाच पुढे सरकून बसली. नऊ गुंठे म्हणजे केवढं रान, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

एक दिवस हे नुसतं सांगण्यापेक्षा आखूनच बघू म्हणून मी माळावर गेले. कॉलेजच्या मैदानावर कबड्डीसाठी आखायची असते ती फक्की बरोबर घेतली, मोबाईलच्या जीपीएसवर ठिपक्याचे चार कोपरे शोधले आणि ३० बाय ३० चा चौकोन मारला. जीपीएस चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो, तेवढी सूट धरायची. त्या चौकोनात काय काय निघालं? पश्चिमेच्या बाजूला एक बांध तिरका गेलेला. बांधाच्या अलीकडे शाळू काढून नेलेलं काळं रान, ढेकळं आणि सडाची खुटं. पलीकडे मुरूम, त्यावर कुसळीचे झुपके, मधेमधे पवन्याच्या वाळक्या काड्या. दोन तरवडाची झुडपं. एक हिवर, त्याच्या सावलीत मेंढरं बसून गेल्याच्या लेंड्यांचा थर. पावलांनी ठोकून कडक झालेली एक पायवाट. उपग्रह या सगळ्याची सरासरी काढतो आणि त्या चौकोनाला प्रत्येक बँडमध्ये एकच आकडा देतो. तो आकडा शेताचाही नसतो, माळाचाही नसतो. माळाच्या कडेचे हजारो ठिपके असेच असतात, आणि बदल होतो तो नेमका कडेलाच.

बँड म्हणजे प्रकाशाचा एकेक पट्टा. आपल्याला दिसतो तो लाल, हिरवा, निळा, आणि आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा इन्फ्रारेड जोरात परत फेकतं. या दोन आकड्यांची वजाबाकी करून त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय नावाचा आकडा मिळतो. भरात आलेला ऊस ०.७-०.८ पर्यंत जातो, उघडा मुरूम ०.१ च्या आसपास राहतो, पाणी शून्याच्या खाली. इथेही मी एक मोठी चूक केली. लँडसॅट-५ मध्ये लाल बँड तिसरा आणि इन्फ्रारेड चौथा. २०१३ च्या लँडसॅट-८ मध्ये सुरुवातीला एक नवा निळा बँड घातल्यामुळे पुढचे क्रमांक एकेकाने सरकले. लाल चौथा झाला, इन्फ्रारेड पाचवा. मी जुनंच सूत्र नव्या चित्रांना लावलं आणि नीरा डाव्या कालव्याखालचा उभा ऊससुद्धा ओसाड दाखवून बसले. तो कालवा एकोणिसाव्या शतकात झाला, त्याच्या आणि नदीच्या मधली पट्टी बारमाही बागायत. ती ओसाड दिसल्यावर चूक लगेच पकडता आली, हे बरं झालं. ज्या जागेची आपल्याला खात्री आहे अशी एक जागा डोळ्यांसमोर ठेवूनच प्रत्येक नकाशा तपासायचा, ही सवय मला तेव्हा लागली. मी नेहमी आधी कालव्याची पट्टी बघते, मग उजनीचं पाणी, मग बाकीचं.

पण खरी अडचण गवताची. जुलैत ते वर येतं, श्रावण-भाद्रपदात माळ पोपटी होतो, दसऱ्यापासून पिवळा पडायला लागतो. ज्या दोन महिन्यांत माळ हिरवा असतो, नेमके त्याच दोन महिन्यांत वर ढग. लँडसॅटचा एक उपग्रह एका जागेवर १६ दिवसांनी येतो. गौरी-गणपतीच्या सुमाराला एखादी उघडीप मिळाली आणि नेमक्या त्याच दिवशी तो डोक्यावरून गेला तरच काम होणार. लँडसॅट-५ मध्ये चित्रं साठवून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे जुन्या काळातली बरीच चित्रं मुळात संग्रहातच नाहीत. लँडसॅट-७ चा एक आरसा ३१ मे २००३ ला बिघडला आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रात तिरपे काळे पट्टे येत राहिले, साधारण २२ टक्के भाग गायब. नितळ आभाळाची चित्रं हवीत म्हणून मार्च-एप्रिलची घेतली, तर गवताळ माळ, पड रान आणि नुसता खडक तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

मग एक चित्र हा विचारच सोडून दिला. जमिनीकडे अख्खं वर्ष बघायचं. गावात कुणालाही विचारलं तर तो हेच सांगेल की रान ओळखायचं असेल तर बारा महिने बघावं लागतं. आडसाली ऊस मे महिन्याच्या उन्हातही हिरवा असतो. शाळू मार्गशीर्षात हिरवा आणि शिमग्यापर्यंत रान काळं. माळ भाद्रपदात वर जातो आणि हळूहळू, कुठेही एकदम न तुटता, खाली येतो. पीक कापलं की आकडा एका आठवड्यात धाडकन पडतो, गवत मात्र वाळत जातं. या उताराच्या आकारावरून माळ ओळखता येतो. शिवाय प्रत्येक काळासाठी एकच साल न धरता लागोपाठची चार-पाच सालं एकत्र घेतली आणि प्रत्येक महिन्याचा मध्यक, म्हणजे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला. त्यामुळे दुष्काळाचं एखादं वर्ष सगळं चित्र नासवत नाही. हे गणित माझ्या जुन्या लॅपटॉपला पेलणारं नव्हतं. गूगल अर्थ इंजिनवर आपण फक्त सूचना लिहायच्या, चित्रं आणि गणित त्यांच्याच मोठ्या संगणकांवर राहतं, बिगरव्यापारी कामाला पैसे पडत नाहीत. नकाशा सजवायला क्यूजीआयएस, तेही मोफत.

वाळलं गवत आणि उघडी माती वेगळी काढायला आणखी एक गोष्ट कामी आली. वाळक्या काडीतलं सेल्युलोज २.१ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, माती तसं करत नाही. लँडसॅट-५ च्या पाचव्या आणि सातव्या बँडची तुलना केली की तो फरक थोडाफार पकडता येतो. हे लागू केल्यावर कडबनवाडीच्या बाजूचा माळ एप्रिलच्या चित्रातसुद्धा शेजारच्या पडीपासून सुटा दिसायला लागला. त्या दिवशी मला झालेला आनंद मी विसरणार नाही.

आता नावांचं. संगणकाला शिकवायचं म्हणजे आधी आपण ठरवायचं की जमिनीचे प्रकार किती आणि कोणते. तयार मिळणाऱ्या नकाशांमध्ये पाणी, वस्ती, शेत, झाडी, झुडपं आणि उरलेलं ते पडीक, असे वर्ग असतात. आमच्या माळाच्या एकाच तुकड्याला एका नकाशाने शेत म्हटलं होतं, दुसऱ्याने झुडपं, तिसऱ्याने पडीक. मला सगळ्यात लागलं ते पडीक. आपल्या भाषेत या उरलेल्या जमिनीला किती नावं आहेत! पड म्हणजे पेरायचं सोडून दिलेलं रान, ते उद्या पुन्हा नांगराखाली येईल. गायरान म्हणजे गावाचं सामाईक चराऊ रान. कुरण म्हणजे राखलेलं, कापून न्यायचं गवत. माळ म्हणजे कधीच न नांगरलेला, मुरमाचा, उताराचा मुलूख, जिथे लांडगा, चिंकारा, धाविक आणि मेंढपाळ राहतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे आणि ते मुख्यत्वे असाच माळ आहे. चार वेगळ्या गोष्टींना पडीक हा एकच शब्द लावला की ती जागा रिकामी ठरते, आणि रिकाम्या जागेवर काहीही करायला कुणाची हरकत नसते. मी माझ्या नकाशात पडीक हा शब्द ठेवला नाही. माळ आणि पड असे दोन वर्ग केले. गायरान आणि माळ उपग्रहाला वेगळे करता येत नाहीत, तो हक्काचा फरक आहे, गवताचा नाही. म्हणून तिथे गट नंबरांची हद्द वेगळी टाकली.

आजचं रान पाहून येता येतं. तीस वर्षांपूर्वीचं कुठे पाहणार? सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे थोडी मदत करतात, गूगल अर्थची जुनी बारीक चित्रं फार मागे जात नाहीत. तेव्हा मी तात्यांकडे गेले. तात्या अण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, जन्म मेंढरांमागे गेला, दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणाच्या बाजूला उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. आता गुडघ्यांमुळे मुलगा जातो.

"तात्या, ही जागा पूर्वी काय होती?"

"कवाच्या पूर्वी, लेकी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्वद-एक्याण्णव म्हणून त्यांना काही कळणार नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून सालांची एक पट्टी केली. थोरला दुष्काळ, म्हणजे बहात्तर. उजनीचं पाणी पहिल्यांदा वर आलं ते. किल्लारीचा भूकंप. धाकटीचं लग्न. छावणीचं साल, म्हणजे २०१२-१३. यातली जी सालं मला माहीत होती ती मी लिहिली, बाकीची अण्णांनी सांगितली. मग मी एकेक जागा दाखवायची आणि तात्यांनी त्या पट्टीवर बोट ठेवायचं.

एका जागी ते थांबले. "हितं आमचा वाडा व्हता भूकंपाच्या राती. पहाटंची येळ. मेंढरं समदी एकदम उठून हुबी राहिली. गवात कमरंएवढं, मेंढराची पाठ दिसत नव्हती."

३० सप्टेंबर १९९३. घरी येऊन त्या मोसमाची चित्रं काढली. ढगांमधून सुटलेल्या एका चित्रात ती जागा माझ्या सूत्राप्रमाणे भरगच्च माळ निघाली. आज तिथे डाळिंबाची बाग आहे. तात्यांनी सांगितलेल्या जागांतल्या बहुतेक अशाच जुळल्या. जिथे जुळल्या नाहीत तिथे दोनदा माझीच चूक निघाली, चित्राचं बसवणं एका ठिपक्याने सरकलं होतं. एका ठिपक्याची चूक म्हणजे प्रत्येक बांधाला, प्रत्येक रस्त्याला खोट्या बदलाची किनार.

सगळ्यात जास्त दिवस मी अडकले ती हिरव्यापाशी. माळाच्या मध्यभागी काही तुकडे असे होते की तिथला एनडीव्हीआय पंधरा-वीस वर्षांत सारखा वाढत गेला होता. पहिल्या मसुद्यात मी त्यांना सुधारलेली जमीन असं नाव देऊन गडद हिरवा रंग भरला होता. प्रत्यक्ष गेले तेव्हा समपातळी चर खणलेले आणि चरांच्या वरंब्यांवर ओळीने गिरिपुष्प. काही ठिकाणी वेडी बाभूळ आपोआप माजलेली. झाडाखाली गवत विरळ, मधल्या जागेत चरांची माती पसरून मूळ पवन्या दबलेला. तात्या काठी टेकून उभे राहिले. "लांबनं हिरवं दिसतंय. पर माझं मेंढरू त्वांड लावत न्हाय."

गिरिपुष्पाला आपल्याकडे उंदीरमारी असंही म्हणतात. शेताच्या बांधावर त्याच्या पाल्याचं खत चांगलं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गवताळ माळावर लावलेलं झाड उपग्रहाला वाढ म्हणून दिसतं आणि माळ गेल्याचं दिसत नाही. २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०१७ या काळात जगात जी हिरवाई वाढली तिच्यात चीन आणि भारत सगळ्यात पुढे, असं त्यात होतं, आणि तेव्हा वर्तमानपत्रांत फार कौतुक झालं. त्याच अभ्यासात हेही होतं की भारताच्या वाढीतला ८२ टक्के वाटा शेतीचा आहे. आमच्या तालुक्यात त्याचा अर्थ सरळ आहे. उसाला पाणी मिळालं, दुसरं-तिसरं पीक निघायला लागलं. शेतकऱ्याच्या घरात त्याने पैसा आला, माझ्या माहेरीही आला, मी त्याच्यावर शिकले. तो हिरवा रंग आणि माळाच्या छातीवर उगवलेला हिरवा रंग नकाशात एकच असू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. मी लागवडीचा वेगळा वर्ग केला, त्याला निळसर हिरवा दिला आणि सुधारलेली हा शब्द खोडला.

शेततळ्यांचं मात्र जमलं नाही. २०१६ च्या मागेल त्याला शेततळे योजनेत सगळ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं, म्हणजे अगदी लँडसॅटच्या ठिपक्याएवढं. वाटलं होतं की चोख दिसेल. पण शेतकरी काही उपग्रहाची रेघ बघून खणत नाही. तळं चार ठिपक्यांत विभागून पडतं आणि चारही ठिपके थोडे ओलसर माळ असल्यासारखे दिसतात. सेंटिनेलवर ती दिसतात, पण जुन्या काळाशी तुलना करायला जुनं सेंटिनेल नाही. तो वर्ग मी काढून टाकला.

नकाशा किती खरा, हे तपासायचं काम कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. रस्त्याच्या कडेच्या जागा बघून तपासणी केली तर सगळं बरोबर निघतं, कारण रस्त्याकडेला ऊस असतो आणि ऊस ओळखणं सोपं. म्हणून संगणकाकडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठिपके निवडून घेतले, आणि जिथे पडतील तिथे गेले. एक तर पुरुषभर उसाच्या मधोमध पडला. पाणी धरणाऱ्या गड्याला समजावून सांगेपर्यंत अर्धा तास गेला, मग त्यानेच पुढे होऊन सरीतून वाट काढून दिली. सगळ्यात जास्त गोंधळ अपेक्षेप्रमाणे माळ आणि पड यांच्यात निघाला. इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. नकाशातले ठिपके मोजून त्याला नऊ गुंठ्यांनी गुणायचं आणि इतके हेक्टर माळ गेला म्हणून सांगायचं, हे चूक आहे. समजा नकाशातल्या १०० माळ-ठिपक्यांपैकी २० प्रत्यक्षात पड निघाले, आणि १०० पड-ठिपक्यांपैकी फक्त ५ माळ निघाले. ऐकायला दुसरी चूक लहान. पण तालुक्यात पड माळाच्या आठपट असेल, तर त्या पाच टक्क्यांत लपलेला माळ पहिल्या चुकीतल्या क्षेत्राच्या दुप्पट असतो. तपासणीच्या तक्त्यावरून हे क्षेत्र दुरुस्त करून घ्यावं लागतं आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना किती मागेपुढे होऊ शकतं तेही सांगावं लागतं. माझ्या दुरुस्त आकड्यात माळ पहिल्या नकाशापेक्षा खूपच जास्त शिल्लक निघाला. अण्णांचं बरोबर होतं.

तरी मला समाधान वाटलं नाही, आणि का ते नकाशा मोठा करून बघितल्यावर कळलं. १९९० च्या आसपासच्या नकाशात माळ एकसलग होता, उंचवट्यावर घोंगडं अंथरल्यासारखा. दक्षिणेकडून कालव्याखालची बागायत उपसा करून वर चढली, उत्तरेकडून उजनीच्या फुगवट्याचं पाणी पाइपलाइनने वर आलं, मधे लागवडीचे ठोकळे बसले. माळ आटला त्यापेक्षा तुटला जास्त.

शेवटचा नकाशा गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून चार फुटी छापून घेतला आणि पारावर नेला. तात्यांनी चष्मा लावला, आधी आपलं घर शोधलं, मग ओढा, मग बिरोबाचं देऊळ. बराच वेळ बोट फिरवून झाल्यावर म्हणाले, "वाट कुठंय?"

"कसली वाट?"

"मेंढरांची. माळावनं खाली वढ्याला पान्याला जायची."

मी ती दाखवलीच नव्हती. चार-पाच पावलं रुंदीची वाट कुठल्याच ठिपक्यात मावत नाही. तात्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि फ्लेक्सवर रेघ मारायला लागले. सलग माळावरून सरळ गेली, लागवडीच्या पहिल्या ठोकळ्यापाशी पेन थांबलं, वळसा घालून डाळिंबाच्या तारेच्या कडेने गेलं, परत थांबलं, मग डांबरी ओलांडून ओढ्याला टेकलं. जुनी वाट त्यांनी तुटक रेघेने वेगळी काढली. ती आखूड होती, सरळ होती.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा वाडा हलला तेव्हा मी मोबाईलवर ट्रॅक चालू करून पहिले दोन दिवस मागून चालले. पुढे घोड्यावर बिऱ्हाड, त्यामागे मेंढरं, धुळीत मी. आता नकाशात एक नवा थर आहे. त्याचं नाव मेंढरांची वाट, आणि त्यात सध्या दोनच रेघा आहेत, एक आजची आणि एक तात्यांच्या आठवणीतली.